सायट्रान्स सुरू करायचाय: आधी काय घ्यावं, आणि किक-बास गढूळ का होतोय?

रात्रपाळी_१४५
नमस्कार मंडळी. गोवा ट्रान्सच्या वळणाचा सायट्रान्स (वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत) करायचा आहे, टेम्पो मिनिटाला १४५ बीटच्या आसपास. हाताशी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. खोली दहा बाय दहाची आणि भिंतीपलीकडे शेजारी. बजेट ४० हजार.

संगीत बनवायचं सॉफ्टवेअर म्हणून एफएल स्टुडिओ घेऊ की एबलटन? स्पीकर की हेडफोन? हार्डवेअर सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं यंत्र) लागतोच का? आणि सगळ्यात मोठी अडचण: किक (ड्रमचा खर्जातला ठोका) वेगळी छान वाजते, बासही छान वाजतो, पण दोन्ही एकत्र लावले की नुसता गढूळ आवाज येतो. व्हॉल्यूम कमीजास्त करून फरक पडत नाही.

खर्जातला
पैसे आधी ऐकण्यावर खर्च करा, बाकी सगळं थांबू शकतं. या संगीताचा पाया ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि तोच नीट ऐकू आला नाही तर कुठलाही प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा सिंथ किंवा इफेक्ट) उपयोगाचा नाही.

स्पीकर सध्या नको, ते शेजाऱ्यांमुळे म्हणत नाहीये. पाच इंची मॉनिटर (स्टुडिओ स्पीकर) तेवढं खाली उतरतच नाहीत. यामाहा एचएस५ ची कंपनीने दिलेली खालची मर्यादा ५४ हर्ट्झ आहे, तीसुद्धा आवाज १० डीबी (डेसिबल) घसरल्यावरची. तुमचा बास एफ सुरात असेल तर त्याचा मूळ सूर ४४ हर्ट्झ. म्हणजे जे जुळवायचं तेच स्पीकरमधून येणार नाही. त्यात खोली चौकोनी. दहा फुटी भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांनी त्याच सुरावर घुमतो. मधोमध बसलात तर तो सूर गायब, भिंतीला टेकलात की फुगलेला. अशा खोलीत बासचा ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणं) लावणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

म्हणून बंद कपांचा हेडफोन: ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स (३८ ओहम) किंवा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, त्यातला ८० ओहमचा. हे लॅपटॉपच्या जॅकवरही चालतात. २५० ओहमचं मॉडेल घेतलंत तर आवाज पुरणार नाही. एम५०एक्समध्ये खर्ज थोडा चढा आहे, त्यामुळे आवडते तयार ट्रॅक त्यावर भरपूर ऐकून कान बसवून घ्या.

त्यानंतर रॅम १६ जीबी करा. आधी स्लॉट मोकळा आहे का बघा, काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. तसं असेल तर जड सिंथचे ट्रॅक ऑडिओत बाउन्स करत (तयार आवाज म्हणून साठवत) पुढे जायचं. मग दोन आउटपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचं साउंड कार्ड). फोकसराइट स्कारलेट सोलो पुष्कळ झाला, तुम्ही काही ड्रमसेट रेकॉर्ड करणार नाही. मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरला नोटा देणाऱ्या पट्ट्या) सगळ्यात शेवटी. सायट्रान्सचे पॅटर्न बहुतेकदा माउसनेच टाकले जातात.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच बघा. एफएलच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो पण पुन्हा उघडत नाही. त्याच्या स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ऑडिओच्या सोयी कमी आहेत, त्यामुळे घ्यायची तर प्रोड्यूसर. एबलटन लाइव्ह इंट्रोला १६ ट्रॅकची मर्यादा आहे, ती लवकर टोचते. बजेट ताणलेलं असेल तर रीपर: ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो आणि परवाना स्वस्त आहे. सिंथसाठी व्हायटल आणि सर्ज एक्सटी, दोन्ही फुकट आणि दोन्ही कामाचे.

सोळावा_भाग
गढूळपणाचं उत्तर व्हॉल्यूममध्ये नाही, वेळेत आणि फेजमध्ये (आवाजाची लाट कुठल्या बिंदूपासून सुरू होते त्यात) आहे. १४५ टेम्पोला एक बीट ४१४ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग, म्हणजे बारचा सोळावा, १०३ मिलिसेकंदांचा. पहिल्या सोळाव्यावर किक, पुढच्या तिन्हींवर बास. किकची शेपूट १०३ मिलिसेकंदांपलीकडे गेली की ती बासच्या पहिल्या नोटेवर चढते, आणि दोन्हींचा खर्ज एकमेकांना खातो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच किक २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या असतात. सॅम्पलरमध्ये उघडून ९५ च्या आसपास फेड-आउट करा, कापताना खट् असा क्लिक राहू देऊ नका. आणि किक ज्या सुरात संपते तोच बासचा सूर ठेवा.

बास व्हायटलमध्ये असा करा. एकच ऑसिलेटर (मूळ लाट बनवणारा भाग), सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट), युनिसन (त्याच लाटेच्या प्रती) १. फेजच्या शेजारी रँडमचा नॉब आहे तो मुळात १०० टक्क्यांवर असतो, तो शून्यावर आणा. नाहीतर प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होते, एक भरीव वाजते, दुसरी पोकळ. आवाज जागच्या जागी डळमळतोय असं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पुढे २४ डीबीचा लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा), कटऑफ (कापणं सुरू होतं तो बिंदू) १५० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (त्या बिंदूवरचा उठाव) नावाला. फिल्टरवर एन्व्हेलप (नोटेबरोबर तो कसा उघडतो-मिटतो ते): अटॅक (चढ) शून्य, डिके (उतार) ८० ते १२० मिलिसेकंद, सस्टेन (टिकाव) शून्य. नोटची लांबी ७० ते ८० मिलिसेकंद, म्हणजे सोळाव्यापेक्षा आखूड, दोन नोटांत श्वास राहिला पाहिजे. व्हॉइस १ (एका वेळी एकच नोट), लेगाटो (नोटा सलग जोडणं) बंद.

आता कानापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) ऑसिलोस्कोप (लाट चित्रात दाखवणारा प्लगइन) लावा, एका बीटची खिडकी ठेवा. किकची शेपूट मध्यरेषेवर येऊन संपतेय आणि तिथूनच बासची लाट निघतेय असं दिसायला हवं. तिन्ही बास नोटा हुबेहूब सारख्या दिसल्या पाहिजेत. पहिलीचा माथा बसका असेल तर किक लांब आहे. तिन्ही वेगळ्या असतील तर फेज सुटला आहे.

पातळी: किकचं शिखर उणे १० डीबीला, बास त्याच्या २-३ डीबी खाली. मास्टरवर लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज दाबणारा इफेक्ट) अजिबात नको, तो चुका झाकतो.

आणि एक नेहमीचा घोटाळा. बासवर सवयीने ३० हर्ट्झला तीव्र लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) टाकतात. साधा ईक्यू तिथे फेज फिरवतो आणि जुळवलेलं सगळं सरकतं. लो-कट टाकायचाच तर आधी टाका आणि मग जुळवा. किकच्या वाटेतली बास नोट तुम्ही आधीच रिकामी ठेवली आहे, त्यामुळे साइडचेनही (किक वाजताना बास आपोआप दाबणं) सुरुवातीला लागत नाही.

अंजुणा_डॅट
हार्डवेअरचा मोह बाजूला ठेवा. नव्वदच्या दशकात गोव्यातल्या अंजुणा-वागातोरच्या पार्ट्यांत डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवरून जो आवाज वाजायचा, त्यातला मोठा भाग रोलँडच्या टीबी-३०३ आणि एसएच-१०१ सारख्या सिंथ मशीनचा. ३०३ चं उत्पादन १९८४ लाच थांबलं, आज मूळ मशीन संग्राहकांच्या भावात मिळते. तिची वागणूक मात्र फुकट सिंथमध्ये उतरवता येते: सॉ किंवा स्क्वेअर, रेझोनन्स ७० टक्क्यांच्या वर, डिके आखूड, सिंथ मोनो लेगाटोत. स्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) हवी तिथे आधीची नोट पुढच्या नोटेवर थोडी चढवायची, चढवली नाही तर स्लाइड लागत नाही. अॅक्सेंटसाठी (नोटेवरच्या जोरासाठी) व्हेलॉसिटी, म्हणजे नोट किती जोरात वाजते तो आकडा, कटऑफला जोडा. सोळापैकी चार-पाच नोटांनाच अॅक्सेंट द्या, सगळ्यांना दिला की कुणालाच उरत नाही.

सुरांबद्दल आपल्याकडे आयती शिदोरी आहे. गोवा ट्रान्समधला फ्रिजियन (एक पाश्चात्त्य सुरावळ) म्हणजे भैरवी थाटाचे सूर. त्यातला कोमल गंधार शुद्ध केला की बसंत मुखारीचे सूर मिळतात, तोच तो पूर्वेकडचा वाटणारा रंग. सा एफवर धरून सा रे॒ ग म एवढ्यातच सोळा नोटांची ओळ बांधा आणि कटऑफ ३२ बारांत हळूहळू उघडा. १४५ ला ३२ बार म्हणजे ५३ सेकंद, एवढा वेळ कान सहज थांबतो. लीडवर (मुख्य सुरावटीवर) तीन-सोळाव्याचा डिले (प्रतिध्वनी), ३१० मिलिसेकंद, आणि डिलेच्या आवाजातून ३०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. ते राहिलं तर जुळवलेला बास पुन्हा गढूळ होईल.

रात्रपाळी_१४५
रँडम शून्यावर आणला, किक ९५ ला कापली. तिन्ही नोटा आता सारख्या दिसतात आणि गढूळपणा गेला! हेडफोन आलाय, इंटरफेस अजून नाही. आता चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक चिर्र आवाज येतो, माउस हलवला की बदलतो. शिवाय सिंथ वाढवले की मध्येच तडतडतं.

खर्जातला
दोन वेगळी दुखणी आहेत. चिर्र आवाज लॅपटॉपच्या आतल्या वीजपुरवठ्याचा, तो जॅकमध्ये झिरपतो. बॅटरीवर चालवून बघा, गेला तर खात्री झाली. इंटरफेस आला की बहुधा प्रश्न मिटेल. तोवर चार्जर दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून बघा. आवाज जातो म्हणून चार्जरची अर्थ पिन कुणी काढायला सांगेल, ते मुळीच करू नका, शॉक लागण्याचा धोका आहे.

तडतड बफरची (आवाजाच्या आगाऊ साठ्याची). एसिओ (ऑडिओ ड्रायव्हर) सेटिंगमध्ये बफर ५१२ सॅम्पल करा. ४४.१ किलोहर्ट्झला हा उशीर सुमारे १२ मिलिसेकंदांचा, माउसने नोटा टाकताना जाणवतही नाही. विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. आणि साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट बंद आहे ना ते आत्ताच तपासा. लॅपटॉपवाले तिथे बास बूस्ट चालू ठेवून देतात. ते चालू असेल तर किक-बासची पातळी तुम्ही चुकीच्या आवाजावर ठरवली असणार, बंद करून पुन्हा एकदा लावा.