मदत हवी आहे: टीएए (आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठीची अमेरिकी सरकारची मदत योजना) बंद असताना प्रशिक्षणाच्या काळातला घरखर्च कसा भागवायचा?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला सुट्या भागांचा एक कारखाना स्वस्त आयात मालापुढे टिकला नाही. ८० कामगारांना वॉर्न कायद्याची (मोठ्या कपातीची आगाऊ सूचना देणं भाग पाडणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस मिळाली आहे.

पूर्वी अशा वेळी तिघा कामगारांनी सह्या करून केंद्रीय कामगार खात्याकडे टीएएचा अर्ज टाकला तरी चालायचं. मंजुरी आली की प्रशिक्षणाची फी मिळायची, शिवाय बेकारी भत्ता संपल्यावरही दर आठवड्याला पैसे यायचे. १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांचा तपासच थांबलाय. जुने फॉर्म नेटवर अजून सापडतात, त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

उरतो तो वायोआ या केंद्रीय रोजगार-प्रशिक्षण कायद्याखालचा ‘डिस्लोकेटेड वर्कर’ (कपातीत नोकरी गेलेल्यांसाठीचा) निधी. कोर्स राज्याच्या मान्य यादीत हवा आणि मंजुरी प्रवेशाआधी घ्यायला हवी. आधी फी भरून मग बिल पुढे केलं की सहसा नकार येतो. खरी अडचण पुढेच आहे: सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा) कोर्स ९ महिन्यांचा, बेकारी भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे. मधले तीनेक महिने घरभाडं कशातून द्यायचं?

कायद्यात ‘नीड्स-रिलेटेड पेमेंट’ची, म्हणजे प्रशिक्षणाच्या काळात घरखर्चासाठी पैसे देण्याची, तरतूद आहे, त्यासाठी साधारणपणे नोकरी गेल्यापासून १३ आठवड्यांच्या आत प्रशिक्षणात नाव लागावं लागतं. पण ते देणं वायोआचा निधी सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळाच्या मर्जीवर. ओहायोत कुठल्या काउंटीत हे पैसे प्रत्यक्ष हातात पडलेत का? अर्जासोबत कोणते कागद मागितले?

आणि एकाच मालकाकडचे ५० हून जास्त लोक असल्याने राज्याने केंद्राकडून राष्ट्रीय डिस्लोकेटेड वर्कर अनुदान मागावं, यासाठी रॅपिड रिस्पॉन्सच्या (कपातीनंतर कामगारांना मदतीची माहिती देणारं सरकारी पथक) पहिल्याच बैठकीत कोणाला गाठावं?