मदत हवी आहे : कुस्तीत पिछाडीवर असताना आयत्या वेळी मारलेली ढाक

माझा सोळा वर्षांचा मुलगा लाल मातीत तयार झाला असून वर्षभरापासून मॅटवर फ्रीस्टाइल खेळतो. गुणांत मागे पडला की शेवटच्या काही सेकंदांत तो हाताची पकड पक्की नसतानाही ढाक (प्रतिस्पर्ध्याला कमरेवरून फेकण्याचा डाव) मारतो. साधल्यास एका डावात 4 गुण मिळतात हे खरे; परंतु फसल्यास तोच पाठीवर जातो आणि प्रतिस्पर्धी त्याला चीतपट करतो. गेल्या महिन्यात तर तो मानेवर आदळला, तेव्हापासून मला फार काळजी वाटते. त्याची ही धडाडी मला मारायची नाही. अनुभवी वस्तादांनी व पैलवानांनी कृपया सांगावे: अशा वेळी एकेरी पटासारखा (प्रतिस्पर्ध्याचा एक पाय पकडून त्याला पाडण्यासारखा) कमी धोक्याचा डाव सुचावा, यासाठी सराव कसा घ्यावा?