मदत हवी आहे : 'आंग्रनाज' संपली, आता कोणती फ्रेंच गुन्हेगारी मालिका पाहू? (आणि तपास करणाऱ्या न्यायाधीशाबद्दल एक शंका)

नमस्कार मंडळी,

'आंग्रनाज'चे आठही सीझन पाहून झाले. इंग्रजीत ही 'स्पायरल' नावाने ओळखली जाते. कॅनाल प्लस या फ्रेंच वाहिनीवर २००५ ते २०२० अशी पंधरा वर्षं चालली आणि २०१५ मध्ये तिला इंटरनॅशनल एमी मिळालं. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जरूर पाहा, पण जेवताना नको. पहिल्याच भागात चेहरा ओळखू येणार नाही असा एका तरुणीचा मृतदेह सापडतो आणि कॅमेरा नजर वळवत नाही.

तरी मला खिळवून ठेवलं ते रक्तपाताने नाही. इथे कुणी अचाट बुद्धीचा डिटेक्टिव्ह नाही. लॉर बेर्तो, जिलू आणि टिनटिन हे पोलीस तासन् तास गाडीत बसून पाळत ठेवतात, फोन ऐकतात, रात्री कचेरीत जबाब टाइप करतात. एखादा कागद नियमाबाहेर झाला की जोजेफीन कार्लसनसारखी वकील तेवढ्यावर अख्खी केस पाडते. जोजेफीनचा राग येतो, पण तिचा मुद्दा कायद्याला धरून असतो, म्हणून तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. पॅरिसही आयफेल टॉवरचं नाही. जुने जिने, उपनगरांतल्या वसाहती, बार्बेसचे रस्ते.

माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला, न्यायाधीश रोबाँ. हे गृहस्थ स्वतः साक्षीदारांना बोलावतात, पोलिसांना कामाला लावतात, आरोपीला समोर बसवून प्रश्न विचारतात. आपल्याकडे तपास पोलिसांचा, मॅजिस्ट्रेट रिमांड देणार आणि आरोपपत्र आलं की पुढचं पाहणार. मग फ्रान्समध्ये तपासही न्यायाधीशाचा आणि निकालही त्याचाच, असं आहे का? तसंच, आपल्याकडे अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. तिथे लॉरची माणसं संशयिताला त्याहून जास्त वेळ कशी ठेवतात?

दुसरा, यानंतर काय पाहू? पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि न्यायाधीश अशा चारही बाजू दिसणारं काही असेल तर फारच उत्तम. चकचकीत नको. कृपया शेवट फोडू नका.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. निकाल रोबाँ देत नाहीत. ते तपास न्यायाधीश. खुनासारख्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांत अशा न्यायाधीशाकडून तपास बंधनकारक असतो. बाकीची बहुतेक प्रकरणं सरकारी वकील आणि पोलीसच पाहतात. आरोपीच्या विरुद्धचा आणि त्याच्या बाजूचा, दोन्ही पुरावा गोळा करणं हे तपास न्यायाधीशाचं कर्तव्य. तपास संपला की खटला उभा करायचा की नाही एवढंच तो ठरवतो, आणि खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालतो. २००० सालच्या कायद्यानंतर आरोपीला कोठडीत ठेवण्याचा अधिकारही त्याच्याकडून काढून वेगळ्या न्यायाधीशाकडे दिला. एकाच माणसाच्या हाती फार सत्ता एकवटते, ही तक्रार तिथे जुनी आहे.

पोलीस कोठडी मुळात २४ तासांचीच. सरकारी वकिलाच्या परवानगीने ४८ होतात. संघटित गुन्हेगारी किंवा अमली पदार्थांत न्यायाधीशाच्या हुकमाने ९६ पर्यंत, दहशतवादात १४४ पर्यंत जाऊ शकतात. २०११ च्या कायद्याने चौकशीच्या वेळी वकिलाला हजर राहता येऊ लागलं. त्याआधीचे आणि नंतरचे सीझन शेजारी ठेवून पाहा, चौकशीच्या खोलीतला फरक जाणवेल.

प्रतिसाद २

'ब्राको' पाहा. कॅनाल प्लसचीच, २००९ ची. निर्माता ओलिव्हिए मार्शाल स्वतः पूर्वी पोलिसात होता आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवतं. सहकाऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याच्यावरचा डाग पुसायला निघालेले चार पोलीस स्वतः कायदा मोडत जातात. 'आंग्रनाज'पेक्षा काळीकुट्ट आहे. कोर्टाची बाजू मात्र कमी, त्यामुळे तुमची मागणी अर्धीच पुरी होईल. समुद्रकाठचं गाव आणि संथ तपास चालत असेल तर 'ले तेमाँ'; ती नॉर्मंडीतल्या ले त्रेपोरला घडते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रोबाँ इतके एकटे का वाटतात ते आता कळलं. 'ब्राको' आज रात्रीच सुरू करते. कोर्टाची बाजू ठळक असलेली मालिका कुणाला आठवली तर इथेच लिहा, धागा उघडा ठेवते आहे.