आमच्या टोलीचा इतिहास कुठं शोधावा?

टोलीवाला:
नमस्कार मंडळी. आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती, नागपूर जिल्ह्यात उमरेड आणि भिवापूरच्या मधात. पस्तीस घरं, एक बोडी (छोटा तलाव), मातामाय देवीचं ठाणं. ग्रामपंचायत दीड कोसावरच्या मोठ्या गावाची. जनगणनेच्या पुस्तकातही तेच गाव, आम्ही त्याच्या पोटात.

पोळ्याचं तोरणसुद्धा तिकडेच लागायचं. आबाजी बैल सजवून न्यायचे आणि सगळ्यात मागं उभे राहायचे, मान आधी त्या गावाचा. टोलीत वेगळं तोरण कधी लागलं ते कोणालाच आठवत नाही. त्या वर्षी तूर बुडाली होती, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

८७ वर्षांची आजी म्हणते, "आपुन इथले नोहो, रिठीवरून आलो." काहून आलो, तर मरी (जीवघेणी साथ) आली होती. चुलत आजोबा म्हणतात, मालगुजारानं, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालकानं, पडीत फोडायला आणून बसवलं. दोघांचं जमत नाही आणि मला आजीच्या हयातीत हे लिहून काढायचं आहे. कागद कुठं मिळतील?

निवृत्त पटवारी:
भाऊ, दोघंही खरं सांगत असतील. मरीनं गाव उठलं आणि उठलेल्या माणसांना मालगुजारानं आपल्या पडितावर बसवलं, यात भांडण कुठं आहे?

रिठी म्हणजे चूल न पेटणारं गाव, पश्चिमेकडे बेचिराख म्हणतात ते. माणसं गेली तरी मौजा, म्हणजे महसुली दप्तरातलं गाव, मरत नाही; नकाशा, हद्द, सातबारा सगळं चालू राहतं. टोलीचं उलटं, माणसं नांदतात पण मौजा नाही. माझ्या हलक्यात दोन्ही होते. म्हणून टोलीच्या नावानं कागद मागाल तर हाती काही लागणार नाही.

१९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आधी काढा, मग मागं बंदोबस्ताच्या मिसलीकडे, म्हणजे जुन्या सारा-आकारणीच्या फायलीकडे जा. तिच्यात वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद, असतो: गुरं कुठं चरायची, बोडीचं पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात), सरपण कुठून आणायचं. गाव कसं जगत होतं ते मला तरी त्या पानांतच दिसलं. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, तेव्हा मालगुजाराचं नाव त्याआधीच्या कागदांत पाहा. जुन्या कागदांसाठी तहसील उमरेड लिहा. १९०८ च्या गॅझेटियरच्या वेळी जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल एवढ्याच तहसिली होत्या. आणि शिक्क्यावर 'मध्य प्रदेश' दिसलं तर दचकू नका, १९५६ पर्यंत आपण तिकडेच होतो.

मरीचं खरंखोटं कोतवाल बुकात कळेल. जन्म-मृत्यू त्यात लिहीत. साथीच्या महिन्यात मृत्यूच्या ओळी दाटतात, पान पाहूनच समजतं.

अजून एक. रिठीवरही मातामायचे दगड राहतात आणि बाया पिढ्यान्‌पिढ्या तिथं निवद नेतात. आजीला विचारा, निवद कोणत्या दिशेला जायचा?

सक्करदऱ्याचा:
सर्वे ऑफ इंडियाची ५५ पी ही शीट पाहा, उमरेड त्यातच येतं. जुन्या शीटवर पाच-सात घरांच्या वस्तीचंही नाव कधीकधी सापडतं. शाळेचा दाखल-खारीज (मुलांच्या नावांचं रजिस्टर) पण सोडू नका.

कुहीची लेक:
आमचं गाव गोसेखुर्दाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाच्या गावठाणाला आम्ही नाव तेच ठेवलं, आजूबाजूचे मात्र अजून 'नवीन गाव' म्हणतात. कागद नंतरही मिळतील, आधी आजीला मोबाईलवर बोलतं करा. माझ्या आजीला जुन्या गावातली घरं ओळीनं सांगता यायची, कोणाच्या अंगणात कोणतं झाड ते धरून. आज करू उद्या करू म्हणता राहून गेलं.

टोलीवाला:
काल विचारलं. निवद उगवतीकडे जायचा, नागभीडच्या छोट्या गाडीच्या रुळापलीकडे! गाडी दिसली की बाया डोक्यावरची थाळी उतरवून उभ्या राहायच्या, ड्रायव्हर शिटी द्यायचा. गाडी २०१९ मध्ये बंद झाली, निवद त्याच्या कितीतरी आधी. बोलता बोलता तिनं रिठीचं नावही सांगितलं, मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, त्यात पंधरा मिनिटं सुनांच्या तक्रारी.

सोमवारी अर्ज देतो. काका, मौजा कोणता लिहू, मोठं गाव की रिठी?

निवृत्त पटवारी:
दोन अर्ज करा. रिठीचा आधी द्या.