तिसरीतल्या मुलाचं वाचन अडतंय. ठाण्यात तपासणी कुठून सुरू करावी?

वर्तकनगरची आई

नमस्कार. मुलगा आठ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात तिसरीत. घरी आम्ही मराठीच बोलतो. गेलं वर्षभर त्याचं वाचन-लेखन अडलंय. काल वही उघडली तर एकाच पानावर 'बिकॉज' तीनदा, तीन वेगळ्या स्पेलिंगने. मराठीच्या वहीत 'चंद्र'चा अनुस्वार द्रवर गेलेला, 'विहीर'च्या दोन्ही वेलांट्या उलट्या. पण रात्री मी गोष्ट वाचून दाखवली की दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आजीला शब्दन् शब्द सांगतो.

ओपन हाऊसला बाई म्हणाल्या, हुशार आहे पण लक्ष देत नाही. ट्यूशनच्या ताई म्हणतात, लिहायचा कंटाळा करतो. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही असेच होते, येईल आपोआप. गेल्या महिन्यात मी त्याच्यावर हात उगारला आणि मग रात्रभर मला झोप लागली नाही. सोसायटीत एकीने बोटांचे ठसे घेऊन मेंदूची क्षमता सांगणारी टेस्ट सुचवली आहे, पैसे बरेच आहेत. करावी का? की आधी डोळ्यांचे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, न्यूरो? कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

कोलशेतचा बाबा

ठशांच्या टेस्टला एक रुपयाही देऊ नका. बोटांच्या ठशांवरून मुलाची शिकण्याची क्षमता कळते, याला शास्त्रीय आधार नाही.

आधी कान तपासा. आमच्या मुलीबद्दल शाळेतून हेच वाक्य यायचं, 'लक्ष देत नाही'. आम्हीही मान्य केलं होतं, कारण कधी हळू बोललेलं ऐकायची आणि कधी मोठ्याने हाक मारली तरी नाही. नाटक करते असंच वाटायचं. रात्री तोंड उघडं ठेवून झोपायची, घोरायची. त्याचा अभ्यासाशी संबंध असेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. ईएनटींनी ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडद्याची हालचाल बघायची चाचणी) केली तेव्हा कळलं, दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलंय आणि नाकामागची अॅडेनॉइडची गाठ वाढलीय. सर्दी असली की कमी ऐकू येणार, नसली की बरं ऐकू येणार, म्हणून ते कमी-जास्त. अक्षरं शिकायच्या वयातच 'प' आणि 'फ' तिला सारखे ऐकू येत असतील तर ती लिहिणार तरी काय? रात्रीची झोप नीट नाही म्हणजे दिवसा पेंग, तो भाग वेगळाच.

डोळेही शाळेतल्या शिबिरावर सोडू नका. लांबचा तक्ता नीट वाचणाऱ्या मुलालाही जवळचं पाहताना ताण येत असू शकतो. डोळ्यांत थेंब घालून नंबर तपासून घ्या.

ऐरोली_सेक्टर

थोडं वेगळं सांगते. माझी भाची जेवताना मध्येच थांबायची. घास हातात, नजर समोर, आठ-दहा सेकंद. मग जिथे थांबली तिथूनच पुढे. दिवसातून कितीतरी वेळा. सगळे म्हणायचे, स्वप्नाळू आहे. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या आलेखात, फिट्सचाच एक प्रकार निघाला, त्यात मूल पडत नाही की झटके येत नाहीत. वर्गातलं बोलणं तिच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचत होतं. तुमच्या मुलाचं असं काही दिसत नाही, पण चार दिवस नजर ठेवा. दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वाशीची विशेष शिक्षिका

वाचन अडलेली मुलं हेच माझं रोजचं काम. ताई, तुमच्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. ऐकलेली गोष्ट तो शब्दन् शब्द सांगतो, हे एक. ऐकून सगळं समजतं आणि स्वतः वाचताना अडतं, तेव्हा गोष्ट समजण्यापेक्षा अक्षरातून आवाज काढणं अवघड जातंय का, हे पाहावं लागतं. दुसरं, त्याचे बाबाही असेच होते. वाचनाची अक्षमता घराण्यात दिसते. म्हणजे सासूबाईंनी पाहिलेलं बरोबर आहे, फक्त 'आपोआप येईल' हे खरं नाही. बाबांना शांतपणे विचारा, शाळेत त्यांचं काय अडायचं, अजूनही लांब मजकूर वाचायला टाळतात का. तपासणाऱ्याला ही माहिती लाखमोलाची असते.

वही-पेन्सिल न घेता, जेवताना, खेळ म्हणून त्याला विचारून बघा. 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? 'पाट'मधल्या प ऐवजी व घातला तर काय झालं? तिसरीतल्या मुलाला हे सहसा जमतं. नाही जमलं म्हणून लगेच निदान होत नाही, पण नोंद करून ठेवा.

दोन्ही भाषांत अडतंय का, हे मी नेहमी विचारते. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंच सरळ आहे. इंग्रजीत 'कट' आणि 'पुट' एकाच स्वराने लिहायचे. ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही तिथलं मूल फक्त इंग्रजीत अडत असेल, तर आधी शिकवण्याकडे बघावं. त्याला अक्षरांचे आवाज कोणी शिकवले का, की नुसतं स्पेलिंग पाठ करून घेतलं? मराठीतही तिसरीत जोडाक्षर, वेलांटी, अनुस्वार डळमळीत असतील तर पूर्ण तपासणी करावी.

कान-डोळे झाले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बुद्ध्यांकाची चाचणी होते, बिने-कामत किंवा मालिनची. पालक याला घाबरतात. पण ७० ते ८४ च्या टप्प्यातलं मूल सगळ्याच विषयांत हळू शिकतं, त्याला मदत वेगळी लागते. बुद्ध्यांक चांगला आणि फक्त वाचन मागे, तर मदत वेगळी. मग शैक्षणिक चाचण्या, त्यात बंगळुरूच्या निमहान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, बरीच वापरतात. शिवाय लक्ष किती टिकतं, चिंता आहे का, वर्गात कोणी चिडवतं का, मधे शाळा बदलली का. हे काही न विचारता तासाभरात कोणी 'डिस्लेक्सिया', म्हणजे वाचनाची अक्षमता, लिहून दिलं तर तो रिपोर्ट मी मानत नाही. आणि निदानाच्या निकषातच आहे की नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली हवी. म्हणून मदत आजपासून सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासूनची. तिथे चाचण्यांबद्दल विचारा. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र. नुसती श्रवणचाचणी हवी तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था.

पाचपाखाडी९

मराठी माध्यमात घाला, सगळं सुटेल. माझ्या पुतण्याचं तसंच झालं.

वाशीची विशेष शिक्षिका

पुतण्याची अडचण भाषेची असेल तर सुटलीच असणार, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ताईंचा मुलगा 'विहीर' मराठीतच चुकतोय. कारण न बघता शाळा बदलली आणि तिथेही अडलं, तर 'मला काहीच जमत नाही' ही त्याची खात्रीच होईल.

घोडबंदरचा मी

प्रमाणपत्राबद्दल लिहितो, पुढे लागेल. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे आठव्या वर्षाआधी प्रमाणपत्र देत नसत, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासत; आताचा नियम विचारून घ्या. मुंबईत शीव, केईएम, नायर या रुग्णालयांत यासाठीची क्लिनिक आहेत. शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि वह्या न्याव्या लागतात. चाचण्या एका दिवसात होत नाहीत, तेव्हा रजा हाताशी ठेवा. बोर्डाला वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट, गरज असेल तर लेखनिक मिळतो. आम्ही सातवीपर्यंत थांबलो. तोवर मुलाने वाचायचं सोडूनच दिलं होतं. ती वर्षं परत आणता येत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

वर्तकनगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठशांची टेस्ट रद्द केली.

काल जेवताना 'कमळ' विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, "कम." 'पाट'चं 'वाट' जमलंच नाही, शेवटी म्हणाला, "आई, हा अभ्यास आहे का?" मी नाही म्हटलं आणि तिथेच थांबवलं. नवऱ्याला विचारलं तर तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, चौथीत वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की तो पोट दुखतंय सांगून बाहेर जायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. ते बोलत असताना मुलगा ऐकत होता. नंतर बाबाच्या मांडीवर जाऊन बसला.

मंगळवारी ऑडिओमेट्री आहे, शुक्रवारी डोळे. मग सायकॉलॉजिस्ट. जाताना सोबत काय घेऊ?

वाशीची विशेष शिक्षिका

पहिलीपासूनच्या वह्या, सगळ्या विषयांच्या. चित्रकलेचीही. त्याला पुन्हा लिहायला लावू नका, कव्हर बदलू नका. खोडरबरने कागद जिथे फाटलाय ती पानं तर नक्की ठेवा.