मदत हवी आहे: होंडा एस२००० साठी मागचे दोन टायर २४५ घ्यावेत की २५५?

नऊहजारी
नमस्कार. माझ्याकडे २००१ सालची होंडा एस२००० आहे. चार महिन्यांपूर्वी ती जुनी घेतली. गाडी फक्त रस्त्यावर चालवतो, ट्रॅकवर नेण्याचा विचार नाही. तिला सतरा इंची अलॉय आहेत आणि चारही चाकांना २२५/४५ आर १७ मापाचे (२२५ मिलीमीटर रुंद) टायर आहेत. गेल्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना मी ॲक्सिलरेटर जेमतेम दाबला आणि गाडीची मागची बाजू कसलीही चाहूल न देता बाहेर फेकली गेली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून रस्ता ओला दिसला की गाडी बाहेर काढायचा धीर होत नाही.

मागचे टायर झिजलेले आहेत, पुढच्या टायरांची नक्षी मात्र भरपूर शिल्लक आहे. म्हणून मागे दोनच नवे टायर घ्यायचे आणि तेही रुंद, असे मी ठरवत आणले आहे. काही जण २४५/४० सांगतात, काही २५५/४०. टायर बसवणाऱ्याला शनिवारपर्यंत माप कळवायचे आहे. कृपया एवढेच सांगा: २४५ की २५५, आणि कोणत्या कंपनीचे?

मोजमाप
माप सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. मागच्या रिमची रुंदी किती आहे, पुढची आणि मागची रिम एकाच रुंदीची आहे का, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलीमीटर दूर आहे ते) किती आहे, चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे आहेत का, ते कोणत्या वर्षी बनलेले आहेत, मागची झीज सारखी आहे की एका कडेला जास्त, आणि गाडी स्प्रिंग बदलून खाली केलेली आहे का? यातले तुम्ही काहीच लिहिलेले नाही आणि उत्तर नेमके यावरच अवलंबून आहे.

वळणवेडा
एवढा खल करण्याची गरज नाही. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि मागे २५५/४०, पुढे २२५/४५ असे टायर गेली कित्येक वर्षे वापरतो आहे. ट्रेडवेअर (टायर किती टिकतो याचा आकडा, कमी आकडा म्हणजे मऊ रबर) २०० चे टायर घ्या, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस किंवा योकोहामा ॲडव्हान निओव्हा या जातीतले. कोरड्या वळणावर ते रस्त्याला असे धरतात की या गाडीची ओढ म्हणजे काय ते तुम्हाला पहिल्यांदा कळेल. स्पोर्ट्स कार घेऊन साध्या टायरांवर चालवणे मला पटत नाही.

जुनीचावी
वळणवेडा, प्रश्नकर्त्याची गाडी ओल्या रस्त्यावर फिरली आहे, कोरड्या नाही. ट्रेडवेअर २०० च्या टायरांना कमी खाचा असतात, नक्षीही मुळातच उथळ असते, आणि त्यांचे रबर गरम झाल्याशिवाय पकड देत नाही. थंड, ओल्या सकाळी ते त्यांना अधिक घाबरवतील.

माझे मत वेगळे आहे. ही एपी१ आहे, म्हणजे या गाडीची पहिली आवृत्ती. होंडाने ती १९९९ मध्ये आणली तेव्हा सोळा इंची चाके दिली होती, पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६, आणि त्यावर खास या गाडीसाठी जुळवलेले ब्रिजस्टोन पोटेन्झा एस-०२ टायर होते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद ठेवण्यामागे हेतू होता, कारण ताकद मागच्या चाकांना जाते आणि ही गाडी मुळातच मागून चटकन सुटणारी आहे. आधीच्या मालकाने चारही चाकांना २२५ लावून तो तोल बिघडवला आहे. पुढची पकड वाढली आणि मागची होती तेवढीच राहिली, मग मागची बाजू आधी सुटणारच. स्टॅबिलिटी कंट्रोल या गाडीला २००६ पासून मिळाले, त्यामुळे तुमच्या गाडीत चूक सावरायला तुमच्या हातांशिवाय काहीही नाही.

नऊहजारी
उत्तरांबद्दल आभार, पण मला अजून आकडा मिळालेला नाही. रिमची रुंदी नेहमीची असेल तीच आहे, सतरा इंच. टायर चांगल्या कंपनीचे आहेत. गाडी थोडी खाली केलेली आहे, पण त्याचा टायरांच्या मापाशी काय संबंध? २४५ की २५५ एवढेच हवे आहे.

मोजमाप
सतरा इंच हा रिमचा व्यास झाला, रुंदी नव्हे. नेहमीची म्हणावी अशी रुंदीच नसते. सतरा इंची अलॉय सात इंचांपासून नऊ इंचांपर्यंत आणि त्याहूनही रुंद मिळतात आणि टायर कोणता बसणार ते या दुसऱ्या आकड्यावर ठरते. २२५/४५ आर १७ साठी साडेसात इंच चालतात, साडेआठही चालतात. २४५/४० आर १७ ला किमान आठ इंच रुंदी लागते आणि २५५/४० आर १७ ला साडेआठ. त्याहून अरुंद रिमवर टायर चढतो हे खरे, पण त्याच्या बाजू आत दबतात, मधला भाग फुगतो आणि स्टीअरिंग वळवल्यावर टायर क्षणभर स्वतःच्या अंगावर लोळून मग वळतो. रुंद टायर घेऊन पकड उलट कमी होते.

चाक काढा आणि आतून आऱ्यांच्या मागे टॉर्च मारा. १७ आणि त्यापुढे रुंदी व जे हे अक्षर ओतीव आकड्यांत दिसेल, शेजारी ईटी (म्हणजे ऑफसेट) आणि दोन आकडे असतील. टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. ओळ आकड्यांशिवाय संपली तर दुसरी बाजू पाहा.

वळणवेडा, तुमच्या मागच्या रिमची रुंदी किती आहे तेही लिहावे.

वळणवेडा
मागे नऊ इंच आहेत. ते लिहायचे राहून गेले, हे मान्य करतो. तरीही २००४ मध्ये होंडाने स्वतःच सतरा इंची चाके आणि मागे २४५ दिले, तेव्हा रुंद टायर ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही.

जुनीचावी
होंडाने २४५ दिले ते साडेआठ इंची रिमवर, पुढे सात इंची रिमवर २१५/४५ दिले आणि त्याच वेळी मागच्या सस्पेन्शनची भूमितीही बदलली. एपी१ मध्ये मागचे सस्पेन्शन दबले की चाकांचा टो (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन) बदलतो आणि गाडीचा स्वभाव त्यासोबत बदलतो. तो दोष पुढे कमी केला गेला. त्या सगळ्या बदलांतला एकच आकडा उचलून जुन्या गाडीवर लावणे बरोबर नाही.

हवाभर
मी सर्वांना सुचवेन की टायरांत नायट्रोजन भरावा. दाब स्थिर राहतो आणि टायर थंड राहतात. मी साधी हवा भरणे केव्हाच सोडले आहे.

मोजमाप
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रस्त्यावरच्या गाडीला त्याने पडणारा फरक दर पंधरवड्याला दाब तपासण्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कमी आहे. या गाडीला पुढे-मागे ३२ पीएसआय, तेही टायर थंड असताना, असा दाब सांगितलेला आहे. नऊहजारी, तुमच्या गाडीत सध्या किती आहे तेही पाहून ठेवा.

नऊहजारी
आज सकाळी गाडी जॅकवर घेऊन चारही चाके काढली. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

रिम चारही सारख्याच आहेत, १७ x ७.५ जे, ईटी ४८. दाब मागे २७ आणि २९ निघाला. मागचे टायर २०१९ च्या एकतिसाव्या आठवड्यातले आहेत. पुढच्यांचा आकडा आतल्या बाजूला होता. मातीचा थर ओल्या फडक्याने पुसल्यावर ०९१४ असे दिसले, म्हणजे २०१४ च्या नवव्या आठवड्यातले. ज्यांची नक्षी भरपूर आहे म्हणून मी खूश होतो ते टायर हेच. त्यांच्या खाचांच्या तळाशी केसासारखे बारीक तडे आहेत आणि रबरात अंगठ्याचे नख दाबले तर खूणही उमटत नाही. पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, हे मी आजवर पाहिलेलेच नव्हते.

मागचा उजवा टायर बाहेरून पाहिला तर आणखी महिनाभर चालेल असे वाटते. तो काढून उलटा केला तेव्हा आतल्या कडेला दोन बोटे रुंदीचा पट्टा पार गोटा झालेला दिसला आणि त्या पट्ट्यात एका ठिकाणी रबर संपून आतल्या तारा चमकत होत्या. मी तिथे हात फिरवला तर बोटाला टोचले. याच टायरवर मी गेल्या आठवड्यापर्यंत वेगाने गाडी चालवत होतो.

मोजमाप
ही गाडी आता या टायरांवर हलवू नका, टायर बसवायला नेण्यापुरतीसुद्धा नाही. तारा दिसलेला टायर केव्हाही फुटू शकतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येते. साडेसात इंची रिमवर २४५ही नको आणि २५५ही नको. मागचे दोनच बदलणेही नको. पुढचे टायर दहा वर्षांहून जुने आहेत. नक्षी शिल्लक आहे ती कमी चालल्यामुळे, रबर मात्र वयाने दगड झाले आहे. नवे मऊ रबर मागे आणि दगड पुढे असे झाले तर गाडी ओल्या रस्त्यावर वळायलाच नकार देईल. चारही टायर एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घ्या.

आतल्या कडेची झीज पाहता व्हील अलाइनमेंट हा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. गाडी खाली केली की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि टोही बदलतो. नुसत्या झुकण्याने टायर इतका खाल्ला जात नाही, टो चुकीचा असला की मात्र आतली कड रस्त्यावर सतत घासत राहते. गाडी खाली केल्याचा टायरांशी संबंध आहे तो हा. हे दुरुस्त न करता नवे टायर लावले तर तेही असेच आतून संपतील आणि बाहेरून तुम्हाला ते कळणार नाही.

वळणवेडा
आतल्या तारांबद्दल वाचून माझा आग्रह मी मागे घेतो. पण चारही चाकांना २२५/४५ ठेवायचे तर जुनीचावी यांनी सांगितलेला तोलाचा प्रश्न तसाच राहतो. याच रिमवर पुढे २१५/४५ लावले तर?

मोजमाप
लावता येतील, रिमच्या रुंदीत बसतात. २१५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६२५ मिलीमीटर आणि २२५/४५ आर १७ चा ६३४ मिलीमीटर, म्हणजे पुढे-मागे ९ मिलीमीटरचा फरक पडतो. गाडी चालेल, पण एबीएस चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून पाहते, त्यामुळे हा फरक जितका कमी तितका बरा. मूळ मापांत तो अर्धा मिलीमीटर आहे: २०५/५५ आर १६ चा व्यास ६३१.९ आणि २२५/५० आर १६ चा ६३१.४. तो मेळ सतरा इंचांत साधायचा तर मागे रुंद रिम घ्यावी लागेल.

नऊहजारी
मूळ सोळा इंची चाके माझ्याकडे आहेत. आधीच्या मालकाने गाडीसोबत दिली होती, कोपऱ्यात गोधडीखाली ठेवली आहेत. प्रश्न सतरा इंची टायरांचा असल्यामुळे ते सांगावे असे वाटले नाही.

जुनीचावी
मग विचार करण्यासारखे काही उरले नाही. पुढे साडेसहा इंची रिमवर २०५/५५ आणि मागे साडेसात इंची रिमवर २२५/५०. साइडवॉल उंच असल्यामुळे खड्ड्यात रिम वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी सुटण्याआधी थोडी सूचना देते, आणि तुमची तक्रार नेमकी तीच होती.

एक अडचण आधीच सांगतो. २०५/५५ आर १६ हे घरगुती गाड्यांच्या सर्वांत प्रचलित मापांपैकी एक आहे, त्यामुळे ते हवे तितके मिळते. २२५/५० आर १६ मध्ये निवड फार कमी असते. म्हणून आधी मागचा टायर शोधा आणि मग तोच मॉडेल पुढच्या मापात घ्या. उलट क्रमाने गेलात तर पुढे एक आणि मागे दुसरा अशी वेळ येईल. वेगाचे अक्षर डब्ल्यू असलेला घ्या, त्याची मर्यादा ताशी २७० किलोमीटर असते. व्ही म्हणजे २४० आणि ही गाडी जवळपास तेवढी पळते. ट्रेडवेअर ३०० च्या आसपासचा, खोल आडव्या-उभ्या खाचांचा उन्हाळी स्पोर्ट टायर तुमच्या वापराला योग्य आहे. तापमान ७ अंशांच्या खाली राहते अशा दिवसांत मात्र उन्हाळी रबर कडक होते, तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

मोजमाप
ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल एक दुरुस्ती. ती चाचणी प्रत्येक कंपनी स्वतः करते. म्हणून एका कंपनीचे ३०० आणि दुसऱ्या कंपनीचे ३०० समान धरू नका, एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो आकडा वापरा. बाकी सर्व मान्य.

मूळ चाके चढवताना दोन गोष्टी पाहा. बाहेरच्या (होंडाच्या नसलेल्या) अलॉयच्या मधल्या छिद्रात बहुधा प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी असते. ती हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) अडकून राहिली तर मूळ चाक पूर्ण बसत नाही. दुसरी गोष्ट नटांची. होंडाच्या चाकांना गोल बुडाचे नट लागतात आणि बाहेरच्या अलॉयना सहसा शंकूच्या आकाराचे असतात. शंकूचा नट गोल बैठकीत कसला तर तो फक्त एका कडेवर टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल पडतो.

नऊहजारी
गाडीवरचे नट शंकूचेच निघाले. मागच्या डाव्या हबवर कडी अडकलेली होती, ती लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकून काढली. मागचे टायर २२५/५० मध्ये मिळाले, पुढचे त्याच मॉडेलचे सांगितले आहेत, आणि अलाइनमेंटची वेळ टायर बसतील त्याच दिवसाची घेतली आहे. मूळ नटांची पिशवी चाकांसोबतच होती, पण वीसऐवजी एकोणीसच आहेत. एका जागी शंकूचा नट चालेल का?

मोजमाप
चालणार नाही. १२ मिलीमीटर जाडीचा, १.५ पिचचा, गोल बुडाचा एक नट आणा आणि वीसही नट १०८ न्यूटन मीटरवर टॉर्क रेंचने कसा. साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा रेंच लावून पाहा.