मदत हवी आहे: लेव्हलँड १९५७ ची मूळ फाइल कशी वाचावी?

मंडळी, अमेरिकन हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मधल्या (अनोळखी उडत्या वस्तूंच्या, म्हणजे यूएफओंच्या चौकशीचा प्रकल्प) एका प्रकरणात अडकलोय. २ नोव्हेंबर १९५७ च्या रात्री टेक्सासमधल्या लेव्हलँडजवळ अनेक वाहनचालकांनी पोलिसांना फोन करून सांगितलं, की रस्त्यावर किंवा रस्त्यालगत झगझगीत अंडाकृती वस्तू दिसली, गाडीचं इंजिन बंद पडलं, दिवे गेले आणि ती वस्तू निघून गेल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. हे लोक वेगवेगळ्या रस्त्यांवर होते! हवाई दलाने चौकशीला एक माणूस धाडला आणि निष्कर्ष काढला: वादळी हवा, गोलाकार वीज (बॉल लाइटनिंग, म्हणजे हवेत तरंगणारा विजेचा चकाकता गोळा). दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांनी तेव्हा मान डोलावली, नंतर मात्र शब्द फिरवला. मला स्वतःला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. (परग्रहवासी वगैरे माझं म्हणणं नाही, कृपया तिकडे जाऊ नका.)

ब्लू बुकच्या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण मायक्रोफिल्मवर साक्षीदारांची नावं खोडलेली आहेत. मग फाइलमधला जबाब आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रातली बातमी एकाच माणसाची आहे, हे कसं जुळवायचं? त्या रात्रीच्या हवामानाच्या मूळ नोंदी कुठे मिळतील? आणि गोलाकार विजेने इंजिन खरंच बंद पडू शकतं का? भौतिकशास्त्रवाल्यांनी जरूर सांगा.